शपथ मोडायला शिकवा

"मॅडम, शपथ मोडली तर पाप लागतं का?"

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीनं मला हे विचारलं. मधली सुट्टी संपत आली होती, माझ्या हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. "असं काही नसतं गं, जा वर्गात," म्हणून मी तिला वाटेला लावलं. प्रश्न मला त्या वेळी गोड वाटला होता. चार दिवसांनी तिची जिवलग मैत्रीण दवाखान्यात होती. सुदैवानं ती वाचली. पण माझ्याकडे आलेल्या मुलीला ते सगळं आधीपासून ठाऊक होतं. मैत्रिणीनं तिला सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, "कुणाला बोललीस तर तुला माझी शपथ." चौदा वर्षांची ती पोर एवढं ओझं घेऊन स्टाफरूमच्या दारापर्यंत आली होती, आणि तिथून मी तिला परत पाठवलं.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे मुलांच्या बाजूनं बघायला लागले. तरुणांच्या आत्महत्या कशा रोखायच्या यावर आपल्याकडे व्याख्यानं होतात. मंचावर डॉक्टर असतात, पोलीस अधिकारी असतात, शिक्षण खात्यातलं कुणी असतं. मुलं समोर सतरंजीवर बसतात आणि शेवटी वंदे मातरम् म्हणून वर्गात जातात. तुम्हाला काय वाटतं, असं त्यांना कुणी विचारत नाही. खरं तर धोक्याची पहिली खबर त्यांच्याकडेच येते. आईला कळायच्या आधी, शिक्षकांना कळायच्या किती तरी आधी, ती बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राला कळलेली असते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रतिबंधाची आखणी त्या मित्रापासून सुरू झाली पाहिजे. शपथ कधी मोडायची, कशी मोडायची आणि कुणापाशी मोडायची, हे त्याला शिकवलं पाहिजे. आणि ज्याच्यापाशी मोडायची त्या मोठ्या माणसानं त्या लायकीचं व्हायला पाहिजे. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

आकडे एकदाच सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येनं मृत्यू झाला. दिवसाला पस्तीसहून अधिक. त्यातले १,७६४ एकट्या महाराष्ट्रातले. पुढच्या वर्षी देशाचा आकडा १३,८९२ वर गेला. ही फक्त गेलेल्यांची नोंद आहे. जे वाचले, ज्यांनी मनात आणलं आणि कुणालाच सांगितलं नाही, ते कुठल्याच रकान्यात नाहीत.

आता मुलं काय म्हणतात ते. गेली काही वर्षं मी दिवाळीच्या सुट्टीनंतर नववी-दहावीच्या वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. नाव घालायचं नाही. प्रश्न एकच: तुमच्या मित्रानं 'मला जगावंसं वाटत नाही' असं सांगितलं तर तुम्ही काय कराल, आणि मोठ्या माणसांनी काय करावं असं तुम्हाला वाटतं? त्या आठवड्यात रोज शाळा सुटल्यावर तासभर वर्गातच बसते, कारण ज्याला चिठ्ठीत लिहिता आलं नाही तो कधी कधी दाराशी येऊन घुटमळतो. हे काही संशोधन नव्हे, एका शाळेतल्या मुलांचं बोलणं आहे. पण दर वर्षी काही गोष्टी इतक्या सारख्या येतात की त्या कानाआड करता येत नाहीत.

सगळ्यात जास्त येते ती शपथ. "तिनं सांगू नको म्हटलं तर मी नाही सांगणार." "सांगितलं तर मैत्री तुटेल." मुलांच्या जगात गुपित राखणं हाच मैत्रीचा पाया आहे, आणि तो आपणच घातलेला आहे. चहाडी करू नये, चुगली करू नये, हे पहिलीपासून आपणच शिकवतो. मग एक दिवस अचानक आपली अपेक्षा असते की मुलानं चहाडी आणि जीव वाचवणं यातला फरक आपला आपण ओळखावा. मोठ्यांनाही तो धड ओळखता येत नाही. एका मुलानं लिहिलं होतं, "त्यानं मला सांगितलं म्हणजे त्याचा माझ्यावर विश्वास आहे. मग मी त्याचा विश्वास कसा तोडू?" यावर उत्तर द्यायला मला दोन तास लागले. मी त्यांना एवढंच म्हणू शकले की मित्र बुडत असताना 'हाक मारू नकोस' म्हणाला तरी आपण हाक मारतो. नंतर तो रागावेल, अबोला धरेल. रागावायला तो असेल, हे महत्त्वाचं. वर्ग शांत झाला, पण सगळ्यांना पटलं असं नाही. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "पण मॅडम, हाक मारायची कुणाला?"

चिठ्ठ्यांमध्ये दुसऱ्या क्रमांकावर याच प्रश्नाचं उत्तर असतं, आणि ते वाचून मान खाली जाते. मोठ्यांना सांगितलं तर काय होतं याची मुलांनी यादीच दिलेली असते. घरी लगेच फोन जातो. आई रडते, वडील ओरडतात. "आम्ही तुमच्यासाठी एवढं करतो आणि तुम्हाला हे सुचतं?" ही ओळ इतक्या चिठ्ठ्यांत आहे की ती मराठी घरांत पाठच असावी असं वाटतं. मग मोबाईल काढून घेतात.

या मोबाईलपाशी जरा थांबते. मुलाच्या वागण्यात काही वेगळं दिसलं की फोन काढून घेणं हा पालकांचा पहिला उपाय असतो, आणि त्यामागची काळजी मला समजते. मोबाईलनं झोप उडते, तुलना वाढते, रात्री-अपरात्री कुणी तरी कुणाला छळतं, हे सगळं खरं आहे. पण मुलं सांगतात की रात्री दोन वाजता ज्याच्याशी बोलता येतं असा एकमेव माणूस त्या फोनमध्ये असतो. इन्स्टाग्रामवर जवळच्या मोजक्या मित्रांनाच दिसेल अशी स्टोरी टाकता येते. मदतीची हाक बहुतेक वेळा तिथे उमटते, दहा-बारा जणांपुरती, आणि सकाळपर्यंत पुसलेली असते. फोन हिसकावला की हाक बंद होते, दुखणं तसंच राहतं. संकटाच्या काळात फोन काढून घ्यायचाच असेल तर आधी विचारावं: याला कुणाशी बोलावंसं वाटलं तर तो आता कुणाशी बोलेल? त्याचं उत्तर 'माझ्याशी' असं असेल याची खात्री किती पालकांना आहे?

तिसरी गोष्ट कारणांची. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटेल की मुलं मरतात ती परीक्षेमुळे. अभ्यासाचा ताण खोटा नाही. एनसीईआरटीनं २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या काळजीची कारणं असल्याचं सांगितलं. आमच्या मराठवाड्यात तर हे डोळ्यांसमोर दिसतं. लातूरच्या शिकवण्यांच्या भागात सकाळी सहाला पाठीवर दप्तरं घेऊन निघालेली सोळा-सतरा वर्षांची पोरं, चौकात 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या निकालाचे फ्लेक्स, फोटोखाली गुण. ज्यांचे फोटो नाहीत ती मुलंही त्याच चौकातून रोज जातात. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात गुणांनुसार तुकड्या पाडू नका, मुलांना सर्वांसमोर अपमानित करू नका, असं शिकवणी वर्गांना स्पष्ट बजावलं आहे. 'टॉपर बॅच' हा शब्द मात्र अजून जाहिरातीत दिसतो.

आणि तरीही परीक्षा हे संपूर्ण उत्तर नाही. २०२२ च्या त्याच अहवालात सर्व वयोगटांतल्या आत्महत्यांपैकी परीक्षेतलं अपयश हे कारण १.२ टक्के प्रकरणांत नोंदलं आहे, कौटुंबिक समस्या ३१.७ टक्क्यांत. अठरा वर्षांखालच्या मुलांतही कौटुंबिक समस्या, प्रेमप्रकरणं आणि आजार ही कारणं पुढे आहेत. ही नोंद पोलिसांची. एका जिवाची सगळी गुंतागुंत ते एका रकान्यात बसवतात, म्हणून ती शब्दशः घेऊ नये. पण माझ्या चिठ्ठ्या तेच सांगतात. दारू पिऊन येणारे वडील. सतराव्या वर्षी ठरवलेलं लग्न. वर्गात आडनावावरून किंवा रंगावरून झालेली थट्टा. कुणी तरी पसरवलेला फोटो. आपण कोण आहोत, आपल्याला कोण आवडतं, हे घरी कधीच सांगता येणार नाही याची भीती. दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'अनुत्तीर्ण' शब्द आपण काढला, जुलैत पुरवणी परीक्षा आणून मुलाचं वर्ष वाचवलं. ही कामं चांगली झाली. पण ज्या मुलीचं दुःख गणितात नाही, तिला पुरवणी परीक्षेचा काय उपयोग?

या विषयावर मुलांचं ऐकावं असं मी म्हणते ते भावनेच्या भरात नाही. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांत, ११,११० मुलामुलींवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत धोक्यात असलेलं मूल ओळखायला शिक्षकांना शिकवलं. काहींत तज्ज्ञांनी प्रश्नावल्या भरून घेऊन मुलं हेरली. आणि काहींत थेट मुलांशीच काम केलं. काही आठवड्यांत मिळून पाच तास: ताण, निराशा, मित्र अडचणीत असताना काय करायचं, हे मुलांनी आपसांत बोलायचं, प्रसंग करून बघायचे. वर्षभरानं पाहिलं तर या शेवटच्या शाळांतच आत्महत्येच्या प्रयत्नांत आणि तीव्र विचारांत ठळक घट होती, जवळपास निम्म्यानं. शिक्षकांना शिकवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. शिक्षक म्हणून हे वाचताना मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. स्टाफरूमचं दार मला आठवलं.

युरोपातलं इथं कसं चालेल, असं कुणी म्हणेल. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत केलेलं काम २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात आलं. तिथे काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, पदवीचा मोठा शिक्का नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तीनं मुलांशी काम केलं, आणि काही शाळांत तेच काम शिक्षकांवर सोपवलं. भित्तिपत्रक, मुलांचे गट, आणि मनातलं लिहून टाकायला एक पेटी. जिथे बाहेरची व्यक्ती होती तिथे शाळेतलं वातावरण सुधारलं, मुलांचं नैराश्य आणि आपसातली दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी तेच केलं तिथे परिणाम दिसला नाही. शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे. ज्याच्या हातात गुण आहेत, ज्याचा घरी फोन जातो, त्याच्यापुढे मूल मन उघडत नाही. हे समजायला खरं तर परदेशी नियतकालिकाची गरज नव्हती, एखाद्या नववीतल्या मुलाला विचारलं असतं तरी चाललं असतं.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. पहिला पालकसभेत हमखास: "मॅडम, असलं काही मुलांपुढे बोलूच नका, नसलेलं डोक्यात येईल." प्रामाणिक भीती आहे ती. पण थेट आणि शांतपणे विचारल्यानं विचार रुजतो असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट विचारल्यानं मनावरचा भार हलका होतो. रुजतं ते भडक बातमीनं. मुलाचा फोटो, कसं केलं याचं वर्णन, 'कमी गुणांमुळे टोकाचं पाऊल' असा मथळा, आणि मग तो कात्रण म्हणून दहावीच्या ग्रुपवर फिरणं. भारतीय वृत्तपत्र परिषदेनं २०१९ मध्ये अशा बातम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. ती पाळणारी मराठी बातमी हाताला लागली की मी वर्गात मुद्दाम वाचून दाखवते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर दुसऱ्याच्या जिवाचं ओझं का टाकायचं? याचं माझं उत्तर असं की ते ओझं आजच त्याच्या खांद्यावर आहे, आपण टाकलेलं नाही. आपण फक्त ते कुठे उतरवायचं ते सांगायचं आहे. मित्रानं समुपदेशक व्हायचं नाही, रात्रभर जागून समजूत घालायची नाही. त्याचं काम तीन गोष्टींपुरतं आहे. न घाबरता विचारायचं, "तुला मरावंसं वाटतंय का?" त्याला एकटं सोडायचं नाही. आणि एका मोठ्या माणसापर्यंत पोचवायचं. इथे त्याची जबाबदारी संपते. पुढे काहीही झालं तरी दोष त्याचा नाही, हेही त्याच वेळी सांगायचं, नाही तर ती मुलं आयुष्यभर स्वतःला कोसत बसतात. माझ्याकडे आलेली ती मुलगी अजून कधी फोन करते. मैत्रीण वाचली तरी ती स्वतःला पूर्ण माफ करू शकलेली नाही. चूक तिची नव्हतीच.

तिसरा आक्षेप माझाच आहे. मूल शपथ मोडेल, पण मोठा माणूस कुठे आहे? न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा असं म्हटलं आहे. तालुक्याच्या ठिकाणची अनुदानित शाळा डोळ्यांपुढे आणा. शिपायाची जागा रिकामी, चित्रकलेचे शिक्षक दोन शाळांत मिळून एक, आणि 'समुपदेशन' हा ज्याच्याकडे तास कमी त्याला दिलेला जादा कार्यभार. म्हणून मला नालंदाचा मार्ग जवळचा वाटतो: पाच-सहा शाळांत मिळून एक प्रशिक्षित तरुण मुलगा किंवा मुलगी, गुणांशी ज्यांचा संबंध नाही, आठवड्याचा ठरलेला वार, आणि मागे जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा आधार. यासाठी लागणारा पैसा एखाद्या विज्ञान प्रदर्शनाच्या मंडपापेक्षा फार जास्त नसावा.

पण माणूस नेमला तरी मुलं येतील का? युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात मानसिक त्रासासाठी मदत घेणं चांगलं असं म्हणणारे भारतातले तरुण फक्त ४१ टक्के होते. पाहणी झालेल्या २१ देशांची सरासरी ८३ टक्के होती. आपली मुलं मदतीला घाबरतात, कारण मदत म्हणजे बोभाटा हा त्यांचा अनुभव आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या उपचारात कायद्यानुसार पालकांना स्थान आहेच, आणि ते असायला हवं. प्रश्न आहे तो घरी कळवण्याच्या रीतीचा. मुलांशी बोलून बोलून मी एक वचन ठरवलं आहे, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच ते देते: तू सांगितलेलं सगळं मी घरी सांगणार नाही, पण जिवावर बेतणारं असेल तर लपवणारही नाही, आणि घरी सांगायची वेळ आली तर आधी तुला सांगेन, काय बोलायचं ते आपण दोघं मिळून ठरवू, आणि बोलताना मी तुझ्या बाजूला बसेन. मुलांना पूर्ण गुप्तता नको असते. आपल्या पाठीमागे काही होऊ नये, एवढंच हवं असतं.

पालकांनाही माहीत असायला हवं ते सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावात होती असंच गृहीत धरायला सांगितलं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. पोलिसांच्या भीतीनं मुलाला दवाखान्यात न नेणं, खोटं कारण सांगणं, यात मोलाचे तास जातात.

केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. हे दोन्ही आकडे मी मुलांना वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावते. एका मुलीनं १४४१६ फोनमध्ये 'मावशी' नावानं साठवून ठेवला आहे, म्हणजे घरात कुणी पाहिलं तरी विचारणार नाही. बाकीच्या मुलींनी तिचं बघून तसंच केलं. इतकं साधं शहाणपण कुठल्या समितीला सुचलं नसतं.

यंदाच्या चिठ्ठ्यांत एक अगदी लहान होती. वळणदार अक्षर, बहुधा मुलाचं. "त्यानं मला सांगितलं तर मी किती दिवस वाट बघायची?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कुणाकडेही न बघता उत्तर दिलं. एकही नाही. त्याच दिवशी यायचं. रात्र झाली असेल तर रात्रीच फोन करायचा, माझा नंबर फळ्यावर आहे.